सुभद्राकाकीने धरलेलं सुतक

तार दुपारी आली. मी कॉलेजात होते. संध्याकाळी जोगेश्वरीला घरी पोचले तेव्हा काकी ओट्यावर पाण्याची बादली घेऊन उभी होती. "आत येव नको," ती म्हणाली. "आधी डोक्यावरून पाणी घे." मग म्हणाली, "तुझो बापूस गेलो गो." गणपती चार दिवसांवर आले होते.

सुभद्राकाकी माझी नात्याने कुणी नव्हती. मी मॉरिशसची. माझा खापरपणजोबा कोकणातून तिकडे ऊस तोडायला गेला, आणि बोटीवरून उतरताना कारकुनाने त्याला जे विचारलं त्याचं उत्तर म्हणून त्याने आपलं नुसतं नाव सांगितलं. राघोजी. तेच आमचं आडनाव झालं. खरं आडनाव काय, गाव कुठलं, कुळ कुठलं, हे त्याच्याबरोबर गेलं. आमच्या घरात मराठी होती, गणपती होता, आजीच्या तोंडी गाणी होती. पण हे सगळं कुठून आलं असं विचारलं तर वडील समुद्राकडे हात करायचे.

मराठी घेऊन बी.ए. करायला मी मुंबईला आले तेव्हा गिरण्यांचा संप होऊन तीन-चार वर्षं झाली होती. होस्टेलात जागा मिळाली नाही. आमच्याकडे मराठी शिकवायला येऊन गेलेल्या एका गुरुजींची चुलतबहीण जोगेश्वरीला राहत होती. "दोन खोल्या आहेत, पण माणसं चांगली आहेत," असं गुरुजींनी लिहिलं होतं. त्या दोन खोल्यांत काकी, काका आणि त्यांची मुलगी निमा. निमा माझ्याच वयाची, अंधेरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. मी चौथी.

पहिले दोन महिने मी त्या घरात पाहुणी होते. मला कपबशीतून चहा मिळे, बाकीचे पेल्यातून पीत. मी जेवून उठले की माझं ताट काकी उचलायची. मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायची, पुस्तकातल्यासारखं बोलायची. "आपण बसावे," असं मी एकदा काकांना म्हटलं तर निमा हसून हसून भिंतीला टेकली. काका उठून उभेच राहिले बिचारे. मला रात्री घरची आठवण यायची, पण चार माणसांत रडायला कोपरा नव्हता. बाहेर तबेल्याचा वास, पाण्याच्या नळावरची भांडणं, शेजारच्यांचा रेडिओ. इतकी माणसं मी कधी इतक्या जवळून ऐकली नव्हती.

मग एक दिवस जेवण झाल्यावर काकी माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवके, आजपासून तुझा ताट तू घास. माझे हात मोडले." मी ताट घेऊन मोरीत गेले. राख कुठे, काथ्या कुठे, मला माहीत नव्हतं. निमाने पाय पुढे करून काथ्या माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पेल्यातून आला. त्या रात्री मला पहिल्यांदा लवकर झोप लागली.

काकीची उंची बेताची, अंगाने सुकी, नऊवारी गुडघ्याच्या थोडी खाली. ती सतत काहीतरी करत असायची आणि सतत दमलेली असायची. "दमलंय गो," असं म्हणून ती उंबऱ्यावर बसायची, आणि माणूस तिच्याशी बोलायला म्हणून जवळ जाईपर्यंत उठलेली असायची. ते बसणं दोन श्वासांचं. मला वाटायचं, हिने एकदा नीट बसावं. पण बसली की तिला भांडी दिसत, दळण दिसे, नळाला आलेलं पाणी ऐकू येई. स्टोव्हशी तिचं रोजचं वैर. पिन मारता मारता ती काकांच्या देखत म्हणायची, "हो मेलो आमच्या ह्यांच्यासारखो. टोचल्याशिवाय पेटणा नाय." काका पेपराच्या आडून म्हणायचे, "आणि तू रॉकेलासारखी. वास आधी, उजेड मागून."

मॉरिशस कुठे आहे हे चाळीत कुणालाच कळत नव्हतं. कुणी विचारलं की काकी सांगायची, "आफ्रिकेकडे. पण आपलीच हा." ऊस तोडायला माणसं इतक्या लांब का गेली, हे तिला विचारलं शेजारच्या कमळीने. काकी भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली, "माझो सासरो बोटीतून धक्क्यार उतारलो आणि गिरणीत गेलो. हिचो पणजो त्याच धक्क्यार दुसऱ्या बोटीत चढलो. पोटाचा काम. फरक तो केवढो?" मधल्या दोन-तीन पिढ्या तिने सहज गाळल्या होत्या. माझ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी स्थलांतरावर एक अख्खा तास घेतला होता, त्यातलं मला आता काही आठवत नाही.

गणपतीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गावच्या घरचा गणपती गावी चुलतभावांकडे असे. जोगेश्वरीचा गणपती काकीचा स्वतःचा होता, नवसाचा. संपानंतर काकांची गिरणी सुटली ती सुटलीच. काका खिडकीशी भिंतीकडे तोंड करून बसू लागले. अंघोळ सांगितली तर करायचे, ताट पुढे ठेवलं तर बघत राहायचे. कित्येक महिने असेच गेले. तेव्हा काकीने बोलून ठेवलं, की हा माणूस उठून कामाला लागला तर मी दर वर्षी घरात गणपती आणीन, मरेपर्यंत खंड पडू देणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर काका उठले. अंधेरीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. नवस खरा की काकांना आलेला कंटाळा खरा, हे कोण सांगणार. काकीच्या मनात मात्र ते दोन धागे एकमेकांत घट्ट बसले होते. गणपती येतो म्हणून माणूस उभा आहे.

नागपंचमीला काका घरचा पाट मूर्तिकाराच्या शेडमध्ये नेऊन द्यायचे. आमच्याच पाटावर आमची मूर्ती घडायची. भिंतींना चुना लागायचा. कोपऱ्यात छताला चार हूक होते, त्यांना माटवी टांगायची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट. तिला रानातली फळं-फुलं बांधतात. आरेच्या पाड्यांवरच्या बायका बाजारात कवंडळं, तेरडा, हळदीची पानं घेऊन बसत, त्यांच्याशी काकी घासाघीस करायची. त्या वर्षी चौकट धुऊन टांगून झाली होती. फळं बांधायची राहिली होती.

आणि तार आली. भावाने कळवलं होतं की वडील गेले, क्रियाकर्म झालं, तू शिक्षण सोडू नको. जाणं शक्यच नव्हतं.

मी अंघोळ करून ओल्या केसांनी बसले. मला रडू येत नव्हतं. काकी बाहेर गेली आणि कमळीच्या दारात उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कमळे, आज आमच्याकडे चूल पेटाची नाय. काय ता तू बघ." मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची असते. कमळी घुटमळली. कुणाचं सुतक, कुणाच्या घरी, तिला ते जमवता येईना. पण तासाभराने ती पिठलं-भाकरी घेऊन आली. परातीवर फडकं झाकलेलं होतं. तेव्हाच मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आबा आले. आबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, बोरिवलीला राहायचे, गणपतीची पूजा तेच सांगायचे. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला नाही त्यांनी. टोपी मांडीवर ठेवून बसले.

"सुभद्रे, ह्या काय चालवलंस? सुतक भाडेकरूचा लागता?"

"भाडेकरू कोण हा हयसर?" काकी म्हणाली.

"बरा, पाहुणी म्हण."

"ती ताट घासता आपला. पाहुणी नाय."

आबा माझ्याकडे वळले. मायेनेच विचारलं, "पोरी, आडनाव काय तुझं?"

"राघोजी."

"ता नाव झाला गो. आडनाव? गाव? कूळ?"

मी मान हलवली. माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. इतकं नागडं मला कधी वाटलं नव्हतं.

"बघ," आबा काकीला म्हणाले. "तिकाच ठाऊक नाय."

"तिका ठाऊक नाय. तुमका ठाऊक हा?"

"माका कसा असतला?"

"मग आमच्यातली नाय, ह्या तुमी कशावरना सांगतास?"

निमा आतल्या दाराशी होती, तिने ओढणी तोंडावर धरली. मग आबांनी जे सांगितलं ते खरोखर शहाणपणाचं होतं. "ऐक. हिला दहा दिवस माझ्याकडे बोरिवलीला पाठव. माझ्याकडे गणपती नसतो. बायको करील तिचं सगळं. सुतक तिचं तिच्यापाशी राहील. तुझा नवस कशाला मोडतेस? ह्याचं काय झालं होतं ते विसरलीस?" आणि त्यांनी काकांकडे बोट केलं.

काका खिडकीशी बसले होते, पण तोंड आमच्याकडे होतं.

"मी जाते," मी म्हणाले. "खरंच जाते, काकी."

"तू गप," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ती फार दमलेली दिसत होती. "बापूस मेल्यार चेडवाक घराभायर काढतंत? खंयच्या गावात?" एवढं म्हणून ती काकांकडे बघत राहिली. नवस तिचा, पण तो ज्याच्यासाठी होता तो माणूस समोर होता. तिने विचारलं काहीच नाही. मला वाटतं, विचारायची तिला भीती वाटत होती.

काका उठले. शर्ट चढवला, चपला पायात सरकवल्या. "पाट घेऊन येतो," म्हणाले.

मूर्ती रंगून झाली होती, फक्त डोळे राहिले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मूर्तिकाराने ती उचलून दुसऱ्याच्या पाटावर ठेवली. गणपतीचा पाट रिकामा घरी आणू नये म्हणून काकांनी वाटेत एक नारळ घेतला, पाटावर ठेवला, वर पंचा टाकला आणि दोन्ही हातांनी धरून चालत आले. गल्लीतल्या पोरांना वाटलं गणपतीच आले. एक-दोघं 'मोरया' म्हणून ओरडलीही. काका थांबले नाहीत.

निमा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आईला मात्र म्हणाली, "माझ्यासाठी कधी देवाला थांबवलं होतंस का गं?" काकी म्हणाली, "तुझो बापूस जितो हा, मेले." तिसऱ्या दिवशी कामावरून येताना तिने मला एक रुमाल आणून दिला. "नाक पुसायला. पदराने पुसतेस ते घाण दिसतं यार."

चतुर्थीला सगळ्या चाळीतून टाळ वाजत होते. सुतकातल्या माणसांनी कुणाच्या गणपतीला जायचं नसतं. आम्ही चौघं घरात बसून होतो. माटवी तशीच टांगलेली होती, रिकामी. ती उतरवू का, असं मी विचारलं. "राहांदे," काकी म्हणाली, "उतरवूक अंगात जोर नाय." माझी चटई त्या कोपऱ्यातच असायची, माटवीच्या खाली. काकी माझ्याशेजारी शेंगा मोडत बसली आणि मला विचारत राहिली. वडील कसे बोलायचे, रागवायचे का, दाढी रोज करायचे का. मी सांगत गेले. बापाबद्दल इतकं मी नंतर कुणाशीच बोलले नाही. मधेच ती नियम सांगायची, जसे निमाला सांगेल तसे. "चेडू कुंवार असला की धा दिवस. लगीन झाला की आवशी-बापाशीचा तीनच."

"इतका फरक कसा?"

"घर बदालता मा. दुख्ख पण सासरी आटपता घेवचा लागता." आणि शेंगांची परात घेऊन उठली.

गौरी गेल्यावर खारदांड्याची कोळीण टोपली घेऊन आली. ती अनेक वर्षं आमच्याकडे यायची. दर वेळी दोघी भावावरून एकमेकींची आई-आजी काढायच्या. त्या दिवशी काकी म्हणाली, "आज नको. सुतक हा."

"कोणाचा?"

"देवकीच्या बापसाचा. तिकडे, मॉरिशसाक."

कोळणीने टोपली उतरवली आणि ती ओट्यावर टेकली. विचारलं, "समिंदरात गेला काय गं?"

"नाय. घरात. खाटेर."

"मंग बरा," ती म्हणाली. पदर खोचून थोडा वेळ बसली, आणि मासळी न विकता, भांडण न करता गेली. बेटावरच्या माझ्या आजीला मी हे नंतर सांगितलं तेव्हा तीही तेवढंच म्हणाली होती. बरं.

त्या हिवाळ्यात अंधेरीचा कारखाना बंद पडला. काकांची नोकरी गेली. काही दिवस ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचे आणि आरेच्या रस्त्याने नुसते चालून यायचे. मग तेही थांबलं. एके दिवशी मी कॉलेजातून आले तर काका खिडकीशी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

आबा आले. या वेळी चहा घेतला. "मी बोललो होतो," एवढंच म्हणाले. त्यांनाही ते बोलून आनंद झाला नव्हता. मी आत भांडी लावत होते. पेला हातात तसाच राहिला.

काकी म्हणाली, "देव काय मुकादम हा? एक खाडो पडलो म्हणान पगार कापतलो?"

आबा गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनेच म्हटलं, "तू अभ्यास कर. तुझ्या डोक्यात नको ता घालून घेव नको." पण मी तिला बघत होते. रोज सकाळी देवपूजा झाली की ती एक जादा उदबत्ती रिकाम्या कोपऱ्यात भिंतीच्या भोकात खोचायची. कुणी आलं की स्वतः समोर उभी राहायची, म्हणजे ती दिसू नये. मुकादमाबद्दल तिची खात्री नव्हती. खात्री नसताना तिने ते केलं होतं. हे मला तेव्हा पुरतं कळलं नाही, आता कळतं.

काका पुढे पुरते उठले असं नाही. नोकरी त्यांना मिळाली नाही. निमाच्या पगारावर आणि काकीच्या लाटलेल्या पापडांवर घर चाललं. पण पुढच्या नागपंचमीला सकाळी, कुणी न सांगता, काकांनी पाट घासला, पंच्यात बांधला आणि मूर्तिकाराकडे नेऊन दिला. काकी उंबऱ्यावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होती. "दमलंय गो," म्हणाली. आणि उठून स्टोव्हला पिन मारायला लागली. त्या वर्षी गणपती आले. माटवीला पहिलं कवंडळ तिने माझ्या हातून बांधून घेतलं.

माझी परीक्षा झाली. मी परत निघाले तेव्हा काकीचे गुडघे गेले होते. हातावर दही घातलं, माझ्या पिशवीत कोकमं आणि निमाची एक जुनी ओढणी कोंबली. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी होती. ती माझ्याबरोबर नळापर्यंत चालत आली आणि नळाजवळच्या दगडावर बसली.

"दमलंय गो. तू हो पुढे."

मी थांबले. ती उठेल असं मला वाटत होतं. ती उठली नाही. टॅक्सीच्या मागच्या काचेतून मी बघितलं तेव्हा ती बसूनच हात वर-खाली करून टॅक्सीवाल्याला सांगत होती, हळू चालव.

मग पत्रं येत-जात राहिली. काका गेले, ते पत्राने कळलं. माझं लग्न झालं. गेल्या वर्षी निमाचा फोन आला. काकी सकाळी गेली, झोपेतच. निमा रडत नव्हती, दमलेली होती. शेवटी म्हणाली, "तू तिकडे काही करू नकोस हां. तुला कसलं सुतक."

मी बरं म्हणाले. तीन दिवस मी देवाजवळ दिवा लावला नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा त्याला नियम सांगितला.

जोगेश्वरीची ती चाळ आता नाही, तिथे इमारत झाली. पाट निमाकडे आहे. आमचं गाव कुठलं ते अजून कळलेलं नाही. इथे आमच्या माणसांत कुणी विचारलं, तर मी जोगेश्वरी सांगते.